लहान बॉडीची, हाताने घडवलेली गिटार : घ्यावी का, आणि घेतली तर पुण्यात टिकेल का?

सहावी तार · ३ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रस्तावना लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे बारा वर्षांपासून एक ड्रेडनॉट (मोठ्या खोक्याची गिटार) आहे. कारखान्यातली, आवाज दणदणीत. गणपतीत वाजली, ट्रेकला वाजली, एकदा एसटीच्या टपावरूनही जाऊन आली. तिच्याबद्दल तक्रार नाही, तक्रार माझ्या खांद्याबद्दल आहे. चाळिशी ओलांडली आणि आता सोफ्यावर बसून वाजवायला घेतली की खोका थेट काखेत येतो, उजवा हात वरून लोंबकळतो आणि वीस मिनिटांत खांदा भरून येतो. शिवाय हल्ली मी पिकने फारसं वाजवत नाही, बोटांनीच वाजवतो. बोटांनी वाजवताना खर्जाच्या दोन तारा बाकीच्या चौघींना गिळून टाकतात.

मागच्या दिवाळीत नाशिकला मित्राकडे एक लहान गिटार हातात आली. ०० या लहान मापाची, बाराव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) बॉडी जोडलेली, कुणा एका माणसाने घरी घडवलेली. साधा जी कॉर्ड धरला आणि एकेक तार सुटी वाजवली. सहाच्या सहा वेगळ्या ऐकू आल्या. रात्री दीड वाजता मित्राच्या बायकोने दार वाजवलं तेव्हा खाली ठेवली.

आता भीती. चार वर्षांपूर्वी मी एकाकडून (नाव विचारू नका) अशीच एक करून घेतली होती. पहिल्याच मे महिन्यात ब्रिज (तारा खोक्याला जिथे अडकतात ती पट्टी) मागून उचकटला, इतका की खाली पोस्टकार्ड जायचं. कारागीर म्हणाला, उन्हात ठेवलीत. ती कपाटावर केसमध्ये होती हो! निम्मे पैसे परत मिळाले, निम्म्यांची अद्दल.

सध्या दुसऱ्या एका कारागिराशी बोलतोय. ८५ हजार आणि चौदा महिने थांबा, असं म्हणतोय. जाणकारांनी सांगावं : लहान गिटार म्हणजे नुसती छोटी गिटार की वेगळी वस्तू? हाताने केल्याचे एवढे पैसे कशाचे? आणि पुण्याच्या हवेत ती जगते का?

कट्ट्यावरचा · ३ मे, रात्री १०:४०

वा, बऱ्याच दिवसांनी न भांडण्याजोगा धागा. वाचनखूण साठवली आहे.

शंकेखोर · ३ मे, रात्री ११:०५

न भांडण्याजोगा? थांबा जरा.

आकार कमी, किंमत चौपट. ८५ हजारांत मला नावाजलेल्या कंपनीची, वॉरंटीसकट, अख्खी मोठी गिटार मिळते. चौदा महिने थांबायला ही काय हापूसची कलमं आहेत?

रंधा · ४ मे, सकाळी ६:५०

मी धंदेवाईक नाही. दिवसा बँकेत, रात्री बाल्कनीत. मुक्काम ठाणे. नऊ वर्षांत सहा गिटारी केल्या. तीन वाजवण्याजोग्या, दोन भिंतीवर शोभतात, एकीचं काय झालं ते विचारू नका. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशोबाने घ्या.

धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न फार चांगला आहे. लहान गिटार म्हणजे ड्रेडनॉट धुतल्यावर आटली, असं नाही. स्टीलच्या तारांच्या साध्या १२ च्या सेटचा (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस ब्रिजला लटकलेला आहे, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. त्याला पेलायचं काम करतं स्प्रूस या हलक्या लाकडाचं एक पातळ फळकूट, जाडी सुमारे पावणेतीन मिलिमीटर, आणि त्याला आतून चिकटवलेल्या काही पट्ट्या. फळी जाड ठेवली की ती ताण सहज पेलते, पण थरथरत नाही, आणि आवाज मेला. पातळ केली की सुंदर थरथरते आणि दोन उन्हाळ्यांत पोट पुढे येतं. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचं, एवढीच ही विद्या.

आता गंमत बघा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी जातो. आतली पट्टी १६ मिलिमीटर उंच होती ती १४ ची केली, तर तिचा एक तृतीयांश जोर गेला. दोन मिलिमीटर म्हणजे रंध्याचे दहा-बारा हात. लहान बॉडीचं फळकूट आकाराने कमी, म्हणून त्याच जाडीला ते जास्त ताठ असतं. म्हणून ते आणखी पातळ करता येतं, अडीचपर्यंत. हलकी फळी हलक्या बोटानेही जागी होते. तुम्हाला नाशिकला जे ऐकू आलं ते हे. पोटात हवा कमी असल्याने खर्जाची घुमही कमी, त्यामुळे वरच्या तारा झाकल्या जात नाहीत. रेकॉर्डिंगवाले लहान गिटार मागतात ते याच कारणाने, माईकसमोर ड्रेडनॉटची घुम आवरता आवरत नाही.

कारखान्याला हजारो गिटारी विकायच्या असतात, आणि त्यातल्या कुठल्या दुबईला जातील आणि कुठल्या चेरापुंजीला ते माहीत नसतं. म्हणून तो सगळ्यांना सारखीच, थोडी जाड फळी देतो. त्यात लबाडी नाही, हिशोब आहे. हाताने करणारा दर फळी वाकवून बघतो आणि तिच्यापुरता निर्णय घेतो. पैसे त्या निर्णयाचे.

शंकेखोर · ४ मे, सकाळी ९:१५

म्हणजे तुटायच्या बेतात आणून ठेवलेली वस्तू जास्त पैसे देऊन घ्यायची. छान.

रंधा · ४ मे, सकाळी ९:२२

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं :)

शब्दकोडं · ४ मे, दुपारी १:३०

अवांतर : गिटार घडवणाऱ्याला जगभर 'ल्यूथिए' म्हणतात. मूळ शब्द ल्यूट या वाद्यावरून, आणि ल्यूट आला अरबी 'अल्-ऊद'वरून. ऊद म्हणजे लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊद तोच. बाकी चालू द्या.

लीहायकाठचा देशी · ५ मे, पहाटे ४:०८

(वेळेकडे दुर्लक्ष करा, इथे संध्याकाळ आहे.)

मी पेन्सिल्वेनियात राहतो, घरापासून नाझरेथ गाव पंचवीस मिनिटांवर. मार्टिन या गिटार कंपनीचा कारखाना आणि संग्रहालय तिथेच. पाहुणे आले की नायगरा नंतर, आधी तिथे नेतो, त्यामुळे आता पाहुणे कमी येतात.

लहान गिटारीचा इतिहास खरं तर उलटा आहे. आधी सगळ्या लहानच होत्या, मोठी ही नंतरची टूम. मार्टिन घराण्याचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक, जन्म १७९६, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातलं मार्कनॉयकिर्खन गाव. व्हिएन्नात योहान श्टाउफर या नामांकित गिटारकाराकडे काम शिकून गावी परतला, तर तिथल्या व्हायोलिनवाल्यांच्या संघाने भांडण काढलं : गिटार करणारे हे सुतार, पेटारे-कपाटं करणारे, वाद्यं करायचा हक्क आमचा. कंटाळून १८३३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांत नाझरेथला स्थिरावला.

मापांची भानगड पुष्कळांना कळत नाही. आकडा मोठा तशी गिटार लहान. शून्यावर पोचलो की मग शून्यं वाढतात : ०, ००, ०००. एकोणिसाव्या शतकात ० मापाला 'कॉन्सर्ट' म्हणत, म्हणजे मैफिलीत वाजवायची मोठी गिटार! तिचं खालचं पोट साडेतेरा इंच. आज दुकानात तीच मागितली तर विक्रेता विचारतो, मुलासाठी का? ०००चं पोट १५ इंच आणि ड्रेडनॉटचं १५ पूर्णांक ५/८. आकड्यात फरक पाऊण इंचाहून कमी, पण ड्रेडनॉटला कंबर जवळजवळ नाहीच आणि खोलीही जास्त, म्हणून ती काखेत बोचते.

ड्रेडनॉट हे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून. १९१६ मध्ये डिटसन नावाच्या दुकानासाठी मार्टिनने ती केली आणि स्वतःच्या नावाने आणली १९३१ मध्ये. मधल्या काळात, १९२९ ला, पेरी बेक्टेल नावाच्या अटलांटाच्या बँजोवादकाने मागणी केली : मला वरचे फ्रेट हाताशी हवेत, मान लांब करा. त्यातून बाराऐवजी चौदाव्या फ्रेटला जोडलेली ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) जन्मली. बोटांनी वाजवणारे आजही तिच्यावर जीव टाकतात. गायिका जोन बाएझची आवडती होती १९२९ ची ०-४५ (आधी माप, मग सजावटीची श्रेणी). गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या त्या प्रसिद्ध अनप्लग्ड मैफिलीत वाजवली १९३९ ची ०००-४२, जी २००४ मध्ये लिलावात ७,९१,५०० डॉलरला गेली. एवढ्या मोठ्या माणसांना लहान गिटार पुरली, शंकेखोरांना का पुरू नये?

आणि कारखान्यातलं एक दृश्य. खोक्याच्या बाजूला आतून जी दातेरी पट्टी लावतात ती चिकटेपर्यंत धरून ठेवायला तिथे काय वापरतात? कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, रबर गुंडाळून घट्ट केलेले. एका गिटारीभोवती डझनावारी. माझी आई म्हणाली, यासाठी अमेरिकेत आलास?

रंधा · ५ मे, सकाळी ७:०५

चिमटे! मी जांभळी नाक्यावरून सहा डझन आणले होते. प्लास्टिकचे घेऊ नका, पाच मिनिटांत निसटतात.

मिरजवाला · ५ मे, रात्री ९:४८

धागा वाचून राहवेना म्हणून लिहितोय. आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे-सतारी होतात. मी स्वतः कॉम्प्युटरवर पोट भरतो, पण हात विसरलेले नाहीत.

रंधासाहेब, तुम्ही ज्याला फळी-फळकूट म्हणताय त्याला आमच्याकडं तबली म्हणतात. ब्रिजला घोडी. ट्यूनिंगच्या त्या मशीनींच्या जागी आमच्या खुंट्या. इतका चांगला शब्द घरात असताना फळकूट कशाला म्हणायचं? आमची तबली तुनीच्या लाकडाची, जाड आणि उंचवटा दिलेली. आत पट्ट्या-बिट्ट्या काही नाहीत, कारण तुमच्यासारखा सत्तर किलोंचा माणूस आमच्या घोडीला लटकलेला नसतो. खालचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. भोपळ्याचं पीक बिघडलं की त्या वर्षी चांगला तंबोरा नाही.

वर त्या जर्मन सुताराची गोष्ट वाचली आणि हसू आलं. आमच्याकडंही तेच की. एकोणिसाव्या शतकात मिरजेत फरीदसाहेब शिकलगारांनी हे काम सुरू केलं. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या, धार कुणाला लावायची? पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं हत्यारांवरचे हात वाद्यांवर आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता मानांकन हाय, पण गवई मोबाईलमधला तंबोरा लावून बसतोय. असो, तो दुसरा धागा.

विचारायचं हे होतं : तुम्ही जवारी (घोडीचा माथा घासून तारेला आणलेला तो झणकार) कशी काढता? की काढतच नाही?

रंधा · ५ मे, रात्री १०:३०

नाही काढत, उलट ती येऊ नये म्हणून मरतो. गिटारीत तार घोडीवरून करकरली की गिऱ्हाईक परत येतं. तुमच्याकडे करकरली नाही तर येत असेल.

तबली शब्द आजपासून घेतला.

मिरजवाला · ५ मे, रात्री १०:३४

करकर न्हाई हो, जवारी. पण राहू दे, ऐकवल्याशिवाय कळायचं नाही.

शंकेखोर · ६ मे, सकाळी १०:२०

मी थोडा अभ्यास करून आलोय, कारण मला प्रत्येक गिटारविक्रेत्याने शिसवीची पाठ घ्या म्हणून वीस हजार जास्त सांगितले आहेत.

एक. आंतोनियो दे तोरेस, जन्म १८१७, अल्मेरिया. आजच्या स्पॅनिश गिटारीचा बाप. हाही मूळचा सुतारच, मिरजवाले, तुमच्या यादीत घाला. या बाबाने १८६२ मध्ये एक गिटार केली, जिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. फक्त वरची फळी स्प्रूसची. आवाज तबलीतून येतो, बाकीच्यातून नाही, हे दाखवायला. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

दोन. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या, सगळ्या सारख्या, फक्त पाठ-बाजूचं लाकूड वेगळं. ५२ वादकांना लाकूड दिसणार नाही अशा व्यवस्थेत वाजवायला दिल्या. महागड्या ब्राझिलियन शिसवीत आणि स्वस्त लाकडात त्यांना फरक करता आला नाही.

तेव्हा ८५ हजारांतले शिसवीचे पैसे आधी कापा. बोला.

रंधा · ६ मे, दुपारी २:१०

यावर मी भांडणार नाही, तुम्ही बरोबर आहात. माझी सगळ्यात चांगली वाजणारी गिटार जुन्या सागवानी दाराची आहे. पाठ तीन तुकड्यांची, बिजागरीची भोकं बुजवलेली दिसतात.

पण शिसव मी आवाजासाठी वापरत नाही, वाकवण्यासाठी वापरतो. ज्यांनी बाजू वाकवलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो.

दोन मिलिमीटर जाडीची, हातभर लांबीची पट्टी. आडव्या लोखंडी पाइपात आतून गॅसची ज्योत. पाण्याचा थेंब पाइपवर टाकला आणि तो बसून न राहता नाचत पळाला की ताप बरोबर. पट्टी ओली करून पाइपवर टेकवायची आणि दोन्ही हातांनी हलका दाब देत थांबायचं. ढकलायचं नाही. पहिली काही मिनिटं लाकूड तुम्हाला ओळखही दाखवत नाही. मग अचानक, तळहाताला आधी कळतं, ते सैल होतं. लोणी नव्हे, पण ताज्या चामड्यासारखं. त्या क्षणी वळवायचं. आधी वळवलं तर कडकन मोडतं, उशीर केला तर करपतं. शिसवाचा वाफेबरोबर गोडसर वास सुटतो, खोलीभर. बायको म्हणते, गुलाबाची अगरबत्ती आणि हॉटेलचा तवा एकत्र.

सगळ्यात अवघड कंबर. लहान गिटारीत कंबर जास्त आत, वळण जास्त कडक. माझी पहिली पट्टी तिथेच गेली. आवाज मोठा नसतो, वाळकी शेंग मोडल्यासारखा. पण शिसव तरी सांगून मोडतं. सागवान न सांगता मोडतं. म्हणून शिसव.

लीहायकाठचा देशी · ७ मे, पहाटे ५:२२

शिसवीवरून आठवलं. मार्टिन पूर्वी ब्राझिलियन शिसव वापरत, १९६९ पासून भारतीय शिसवावर आले. तेव्हा नाझरेथच्या भिंतीवर टांगलेल्या पुष्कळ गिटारींची पाठ आपल्या दक्षिणेकडच्या जंगला-मळ्यांतली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उगाच छाती फुगली. गाईडला सांगितलं, माझ्या आजोळच्या दिवाणाचं लाकूड हे. तो म्हणाला, नाइस.

एक व्यवहाराची सूचना : २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत गेल्या आणि गिटार घेऊन सीमा ओलांडायची म्हणजे डोकेदुखी झाली. २०१९ च्या बदलानंतर तयार वाद्यांना सूट आहे, पण कच्च्या लाकडाला कागद लागतातच. ब्राझिलियन मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत, तिच्या नादी लागू नका.

मांडवीकाठ · ७ मे, सकाळी ११:४५

हवेबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून गोव्यातून मी बोलते.

आमच्या घरात आजोबांची एक अगदी लहान गिटार होती. बारीक अंगाची, पोटात पट्ट्या शिडीसारख्या आडव्या. आतड्याच्या तारांसाठी केलेली. लग्नांत मांडो (आमची कोकणी गाणी) म्हणताना व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या चर्मवाद्याबरोबर कोपऱ्यात तीही असायची. माझ्या काकाला हौस, त्याने स्टीलच्या तारा चढवल्या. पहिला आठवडा काय आवाज! पुढच्या पावसाळ्याआधी पोट बशीसारखं वर आलं आणि घोडी पुढे झुकली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त तारा काढून ठेवल्या. काकाने पुढे गिटारच सोडली.

तेव्हा कोणाची जुनी लहान गिटार सापडली तर आधी आरसा घालून पोटात बघा. पट्ट्या इंग्रजी एक्ससारख्या फुलीत आहेत की आडव्या? आडव्या असतील तर नायलॉनच्या तारा लावा.

पावसाळ्यात आमच्याकडे गिटार, अल्बम आणि नवऱ्याचे सूट एकाच कपाटात, आत पंधरा वॉटचा बल्ब चालू.

सहावी तार · ७ मे, रात्री ८:३०

ताई, बल्बची युक्ती पुण्यातही करू का?

रंधा · ७ मे, रात्री ९:१५

नको, तुम्ही उलटी करा. पुण्याची अडचण ओल नाही, कोरडं ऊन आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलैत नव्वदीला टेकते. तबलीचं लाकूड रेषांना आडवं फुगतं-आटतं, लांबीत जवळजवळ नाही. मुंबईची गिटार वर्षभर फुगलेली राहते, एकदा सेट केली की बरी चालते. पुण्याची बिचारी वर्षातून एकदा श्वास घेते, एकदा सोडते. तुमचा ब्रिज मे महिन्यात उचकटला ना? माझा अंदाज, ती दमट हवेत चिकटवलेली असणार. पुण्याच्या उन्हाळ्यात तबली आटली, ब्रिजच्या लाकडाच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या, तो त्या दिशेला तेवढा आटला नाही, जोड सुटला. ऊन निमित्त, दोष चिकटवण्याच्या दिवसाचा.

म्हणून कारागिराला लाकूड कुठलं हे नंतर विचारा. आधी विचारा : तबलीला पट्ट्या कुठल्या महिन्यात, किती आर्द्रतेला चिकटवणार? ४५ ते ५० असं उत्तर यायला हवं. "हवा बघून" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आणि केसमध्ये दोनशे रुपयांचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा काटा) ठेवा. तीसच्या खाली गेला की साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज.

माझ्या बेडरूममध्ये डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) आहे. बायकोची समजूत आहे की तो तिच्या सर्दीसाठी आणलाय. (ती हा फोरम वाचत नाही.)

शंकेखोर · ७ मे, रात्री ९:२०

आता वाचेल.

सहावी तार · २२ मे, रात्री ११:५०

काल ठाण्याला रंधांच्या बाल्कनीत जाऊन आलो. फोटो टाकणार होतो, पण त्यांच्या सौ.नी "हे सगळं दिसेल" म्हणून हरकत घेतली.

त्यांनी एक अर्धवट तबली दाखवली. ०० मापाची, मागे फुलीच्या पट्ट्या चिकटवलेल्या, अजून न तासलेल्या. वरच्या कडेला चिमटीत धरली, कानाजवळ आणली आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज. मग पाटावर ठेवून पटाशीने पट्टीच्या टोकाकडून कागदाएवढी पातळ साल काढली. परत टकटक. परत साल. मला पहिली पंधरा मिनिटं काही फरक कळला नाही, मान डोलवत होतो. मग एकदा टकटक केल्यावर आवाज लगेच थांबला नाही, किंचित लांबला. घंटा नव्हे, पण घंटेचा लांबचा नातेवाईक. मी म्हटलं, "आत्ता!" तर ते म्हणाले, "आत्ता नाही, तीन हातांपूर्वी. तुम्हाला उशिरा ऐकू आलं."

थोडक्यात, ८५ हजारांच्या कारागिराला आर्द्रतेचा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं : "हवा बघून." त्यामुळे आता रंधाच माझी गिटार करणार आहेत, लाकडाच्या खर्चात. बदल्यात मी त्यांचं आयकर विवरण भरायचं, पाच वर्षं.

मिरजवाला · २३ मे, सकाळी ८:०२

ती तबली बंद करायच्या आधी एकदा मिरजेला घेऊन या. वडील ७८ चे आहेत, गिटार त्यांना काय कळत नाही, पण लाकूड कळतं.

रंधा · ९ जून, सकाळी ६:३०

जाऊन आलो. कोयनेने गेलो, तबली सुती पंचात गुंडाळून मांडीवर. टीसीने विचारलं, फोटोफ्रेम का?

मिरजवाल्यांच्या वडिलांनी तबली हातात घेतली, पट्ट्यांकडे बघून नातवाला विचारलं, "याला एवढ्या काठ्या का मारल्यात?" ताणाचं सांगितल्यावर मान हलवली. मग चष्मा काढून ठेवला, तबली आडवी धरली आणि अंगठ्याच्या नखाने वाजवायला सुरुवात केली. मी दोन-तीन ठिकाणी वाजवतो. ते चाळीस ठिकाणी वाजवत गेले, कडेकडेने, जिरं निवडल्यासारखं. घोडीच्या जागेच्या खाली, खर्जाच्या बाजूला एका जागी थांबले. "इथं बसलंय. बाकी बोलतंय, इथं बसलंय." मी पेन्सिलने फुली केली. मला स्वतःला तिथे काही ऐकू आलं नव्हतं.

घरी येऊन त्या जागेच्या पट्टीचं टोक एक मिलिमीटर उतरवलं. निघालेली सगळी साल गोळा करून शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलली. अर्धा ग्रॅमही भरली नाही. परत वाजवून बघितलं.

आता पाऊस लागलाय. बेडरूममध्ये काटा ५२ वर आहे, ५० च्या खाली आला की पाठ लावतो.

शंकेखोर · ९ जून, सकाळी १०:००

'परत वाजवून बघितलं' च्या पुढे काय झालं ते लिहायला विसरलात. फुलीआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग टाका. कुठलं कुठलं ते सांगू नका.

रंधा · ९ जून, रात्री १०:४५

टाकलंय, दोन फाइली आहेत, अ आणि ब. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर दोन्ही पुठ्ठाच वाटतील.

मिरजवाला · ९ जून, रात्री ११:१०

ब.

शंकेखोर · ९ जून, रात्री ११:५८

चार वेळा ऐकलं. ब. पण मिरजवाल्यांचं उत्तर आधी वाचलं होतं, त्यामुळे माझं मत धरू नका.